इंग्रजीतला ‘रन’ पक्का कसा करावा

इंग्रजी सुधारायचं ठरवलं की आपण भारदस्त शब्दांच्या याद्या पाठ करायला बसतो. दोन-तीन अक्षरांचे शब्द ‘हे तर येतंच’ म्हणून मागे पडतात. प्रत्यक्षात बातमी वाचताना, ऑफिसचा ईमेल समजून घेताना किंवा स्पर्धा परीक्षेचा उतारा सोडवताना अडवतात ते हेच छोटे शब्द. मोठ्या शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कोशात पटकन सापडतो. छोट्या शब्दाचा अर्थ माहीत आहे असं आपण धरून चालतो, त्यामुळे कोश उघडतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की रोज दहा नवे शब्द पाठ करण्यापेक्षा महिनाभर एकच छोटा शब्द नीट धरावा. या लेखात तो शब्द आहे ‘रन’.

हाच का, तेही सांगतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली. तिच्यात सर्वात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि त्याचे ४३० हून अधिक अर्थ दिले होते. पुढे कोशाच्या नोंदी नव्याने लिहायचं काम सुरू झालं, तसा हा मान आधी ‘मेक’कडे, मग ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे आला. ‘रन’च्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. कोशकार पीटर गिलिव्हर यांना तेवढ्या एका नोंदीवर नऊ महिने काम करावं लागलं.

आकडा ऐकून दडपून जाऊ नका. हे ६४५ अर्थ जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यालाही पाठ नसतात. त्याला अर्थ ओळखता येतो, आणि ओळखण्याची ती रीत आपल्याकडे मराठीत आधीपासूनच आहे. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. ‘महाडची गाडी लागली’ आणि ‘आजीला गाडी लागली’ या दोन वाक्यांत कर्ता आणि क्रियापद तेच आहे. तरी पहिल्यात आपण सामान उचलून फलाटाकडे निघतो आणि दुसऱ्यात लिंबू शोधतो. घोळ होत नाही, कारण आपलं लक्ष आपोआप ‘महाडची’ आणि ‘आजीला’ या शेजारच्या शब्दांकडे जातं. ‘रन’च्या बाबतीतही शेजारीच पाहायचं आहे, फक्त काही दिवस ते जाणीवपूर्वक करावं लागेल.

पहिली पायरी: तीन रूपं तोंडात बसवा

रन, रॅन, रन. वर्तमानकाळातलं रूप आणि तिसरं रूप एकच आहे, आणि नेमकं इथेच चुकतं. ‘ही हॅज रॅन’ हे चूक, ‘ही हॅज रन’ बरोबर. ‘इज’ किंवा ‘वॉज’च्या पुढे ‘रन’ दिसला की ते तिसरं रूप असतं आणि वाक्य कर्मणी असतं: ‘द शॉप इज रन बाय हिज मदर’, म्हणजे दुकान त्याची आई चालवते. बातम्यांतले ‘स्टेट-रन’ आणि ‘फॅमिली-रन’ हे जोडशब्द यातूनच आले. पहिल्याचा अर्थ सरकारी, दुसऱ्याचा घरच्यांनी चालवलेला.

दुसरी पायरी: ‘धावणे’ बाजूला ठेवा, ‘चालणे’ लावून पाहा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ‘रन’ दिसला की मनात पहिल्यांदा ‘धावणे’ उमटतं, कारण शाळेत तेवढंच शिकवलेलं असतं. पण मोठ्या माणसांच्या इंग्रजीत माणूस पायांनी धावण्याचे प्रसंग थोडेच येतात. यंत्र, दुकान, संस्था, बससेवा, नाटक, कॉम्प्युटरचा प्रोग्राम यांच्याबद्दल ‘रन’ असेल तर मराठीत बहुतेक वेळा ‘चालणे’ बसतं. इंजिन चालतं, बस चालते, नाटक चालतं, प्रोग्राम चालतो. इंग्रजीतला ‘वॉक’ ही कामं करत नाही, ती ‘रन’कडे आहेत.

मग लगेच दुसरा प्रश्न विचारा: कर्म आहे का? मराठीत ‘चालणे’चं ‘चालवणे’ होतं, म्हणून फरक क्रियापदातच कळतो. इंग्रजीत रूप बदलत नाही. ‘द बस रन्स ऑन संडेज’ म्हणजे बस रविवारीही असते, आणि ‘ही रन्स अ बस सर्व्हिस’ म्हणजे तो बससेवा चालवतो. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा: ‘शी रन्स अ स्कूल’ आणि ‘शी रन्स टू स्कूल’. पहिल्यातल्या बाई संस्थाचालक आहेत, दुसऱ्यातली मुलगी घंटेच्या आत पोहोचायला धावते आहे. एका ‘टू’ने सगळा अर्थ पालटला. कोशात सकर्मकासाठी ‘टी’ आणि अकर्मकासाठी ‘आय’ अशी खूण असते. ती खूण पाहायची सवय लावली की अर्धे अर्थ तिथेच गळून पडतात.

‘चालणे’ न बसल्यास पुढे जा.

तिसरी पायरी: द्रव आहे का ते पाहा

नळ, नाक, अश्रू, शाई, रंग, नदी यांच्यासोबत ‘रन’ म्हणजे वाहणे किंवा गळणे. हा अर्थ नंतर चिकटलेला नाही, मुळातलाच आहे. जुन्या इंग्रजीत धावणे आणि वाहणे यांसाठी हाच धातू होता. जर्मनमध्ये त्याच घराण्यातले दोन शब्द वेगळे झाले: ‘रेनेन’ म्हणजे धावणे, ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, पाझरणे. आपल्याला हे नवखं वाटायला नको. ‘धावणे’ ज्या संस्कृत धातूपासून आलं, तो ऋग्वेदात सोमरसाच्या वाहण्यासाठीही येतो, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘धावु गतिशुद्ध्योः’ असे त्याचे दोन अर्थ दिले आहेत, गती आणि धुणं.

नाक वाहतं, ‘माय नोज इज रनिंग’. नळ उघडा राहिला, ‘द टॅप इज रनिंग’. ‘रन अ बाथ’ म्हणजे अंघोळीसाठी टबात पाणी सोडणे. कपड्यांबद्दल ‘द कलर्स रॅन’ असेल तर रंग गेला आणि बहुधा शेजारच्या कपड्याला लागला.

इथेच एक उपप्रकार आहे आणि तो फसवतो. ‘रन ड्राय’, ‘रन लो’, ‘रन शॉर्ट’ यांत ‘रन’च्या पुढे विशेषण आहे, आणि ‘रन’चा अर्थ जवळजवळ ‘होणे’ इतकाच उरतो. ‘द वेल रॅन ड्राय’, विहीर आटली. ‘स्टॉक्स आर रनिंग लो’, साठा संपत आला. ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ हेही याच बेताचं, गाडीला उशीर झालाय. गाडी त्या वेळी एखाद्या सिग्नलला उभी असली तरी ती ‘रनिंग लेट’च असते.

चौथी पायरी: काहीच हलत नसेल तर

रस्ता, भिंत, डोंगररांग, रेल्वेमार्ग यांतलं काही जागचं हलत नाही, तरी इंग्रजीत ते ‘रन’ करतं. ‘द वेस्टर्न घाट्स रन पॅरलल टू द कोस्ट’ हे सेमी इंग्रजीच्या भूगोलातलं नेहमीचं वाक्य. सह्याद्री किनाऱ्याला समांतर पसरला आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोकण रेल्वेवर दोन वाक्यं करून पाहा. ‘द लाइन रन्स फ्रॉम रोहा टू ठोकूर’, म्हणजे ७४१ किलोमीटरचा मार्ग रोह्यापासून ठोकूरपर्यंत गेलेला आहे. ‘द ट्रेन रन्स फ्रॉम दादर टू सावंतवाडी’, म्हणजे गाडी त्या दोन ठिकाणांदरम्यान धावते. ‘लाइन’च्या जागी ‘ट्रेन’ आली आणि पसरण्याची धाव झाली.

जागेसारखंच काळाचं आणि पैशाचं. ‘द ॲग्रीमेंट रन्स फॉर इलेव्हन मंथ्स’, करार अकरा महिन्यांचा आहे. ‘द प्ले रन्स फॉर टू अवर्स’ म्हणजे नाटक दोन तासांचं आहे, आणि ‘द प्ले रॅन फॉर टू यिअर्स’ म्हणजे त्याचे प्रयोग दोन वर्षं चालले. फरक सांगणारा शब्द फक्त ‘अवर्स’ किंवा ‘यिअर्स’. खर्चाबद्दल ‘रन्स इन्टू लॅक्स’ असेल तर खर्च लाखांच्या घरात जातो.

पाचवी पायरी: मागून येणारा छोटा शब्द झाकू नका

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त अर्थ इथे बदलतात आणि नुसत्या तर्काने ते सापडत नाहीत.

‘रन इन्टू’चे चार अर्थ रोज लागतात. माणूस असेल तर अचानक भेट: ‘आय रॅन इन्टू युअर ब्रदर ॲट दादर’, तुझा भाऊ दादरला अवचित भेटला. झाड, खांब, भिंत असेल तर धडक. ‘ट्रबल’, ‘प्रॉब्लेम्स’ असे शब्द असतील तर अडचणीत सापडणं. आकडा असेल तर वर सांगितलेलं ‘घरात जाणं’. म्हणजे ‘इन्टू’च्या पुढचं नाम पाहिलं की काम होतं. मात्र भेटीच्या वाक्यात ‘इन्टू’च्या जागी चुकून ‘ओव्हर’ म्हणालात तर तुम्ही त्या भावाला गाडीखाली घेतलंत असा अर्थ होईल. ‘रन ओव्हर’चा माणसाबाबतचा अर्थ तोच आहे. मीटिंगबद्दल ‘रॅन ओव्हर’ असेल तर ती ठरल्या वेळेपेक्षा लांबली.

‘रन आउट’मध्ये अडचण व्याकरणाची आहे. साखर संपली हे इंग्रजीत दोन प्रकारे येतं: ‘द शुगर हॅज रन आउट’ आणि ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. पहिलं आपल्या वळणाचं आहे, साखर कर्ता आणि ती संपली. दुसऱ्यात कर्ता ‘आपण’ आहोत आणि साखर ‘ऑफ’च्या पुढे गेली. मराठीत या दुसऱ्याला समांतर रचना नाही, म्हणून आपल्या तोंडी ‘शुगर इज फिनिश्ड’ येतं. दुसरी रचना मुद्दाम घोकावी, कारण इंग्रजी बोलणारे तीच जास्त वापरतात: ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम’, ‘आय हॅव रन आउट ऑफ पेशन्स’. पासपोर्ट किंवा विम्याबद्दल ‘रन आउट’ म्हणजे मुदत संपणे.

ऑफिसात ‘लेट मी रन इट बाय यू’ म्हणजे तुमच्या कानावर घालतो, तुमचं मत सांगा. ‘लेट्स रन थ्रू द स्लाइड्स’ म्हणजे एकदा सगळ्यावरून नजर फिरवू. ‘रन डाउन’ माणसाबद्दल असेल तर त्याला नावं ठेवणे, बॅटरीबद्दल असेल तर ती उतरणे. ‘रन-डाउन’ इमारत म्हणजे पडझड झालेली. ‘रन अप अ बिल’, बिल चढवून ठेवणे. ‘रन ऑफ फिफ्टी कॉपीज’, पन्नास प्रती काढणे. हे ठेवणीतले वाक्प्रचार आहेत. जसे भेटतील तसे उतरवून घ्या.

सहावी पायरी: जोडीने येणारे शब्द

काही नामं ‘रन’सोबत ठरलेलीच असतात. ‘रन अ फीवर’ म्हणजे अंगात ताप असणे, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे, ‘रन ॲन एरंड’ म्हणजे कोणाचं तरी बाहेरचं किरकोळ काम करून येणे, ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे सिग्नल तोडणे. वर्तमानपत्राने ‘रॅन द स्टोरी’ म्हणजे बातमी छापली. डॉक्टर म्हणाले ‘इट रन्स इन द फॅमिली’, म्हणजे हा आजार घराण्यात आहे.

निवडणुकीची गंमत पाहा. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं ‘कॉन्टेस्ट’ लिहितात. मराठीत उमेदवार निवडणुकीला उभा राहतो किंवा ती लढवतो, म्हणजे आपली भाषा ब्रिटिशांच्या जवळ आहे. अमेरिकन बातमीत ‘शी इज रनिंग’ एवढंच वाचून थबकायला नको.

नाम म्हणून ‘रन’: क्रिकेटपासून सुरुवात करा

क्रियापदात ‘धावणे’ फारसं कामाला येत नाही, पण नामात ‘धाव’ छान बसते, आणि त्याचं बरंच श्रेय आपल्या क्रीडापानांना द्यायला हवं. धावसंख्या, धावफलक, धावगती, धावबाद हे सगळे शब्द ‘रन’च्या भोवती उभे राहिले आणि आज खेड्यातल्या मैदानावरही ते परके वाटत नाहीत. विमानाची धावपट्टीही त्याच वळणाची. क्रिकेटच्या नियमांत धावा मोजण्याचा नियम अठरावा आणि धावबादचा अडतिसावा आहे. दोन्ही फलंदाज टोकं बदलून सुखरूप पोहोचले की एक धाव. पण चौकाराला कोणी धावलं नाही तरी चार धावा मिळतात, म्हणजे क्रिकेटमध्येच ‘रन’ पळण्यापासून सुटून मोजण्याचं एकक झालं. जायबंदी फलंदाजासाठी धावणारा ‘रनर’ मात्र आंतरराष्ट्रीय सामन्यांतून ऑक्टोबर २०११ पासून बंद झाला.

क्रिकेटचे शब्द बाहेर पडले की अर्थ बदलतात. गोलंदाजाचा ‘रन-अप’ आपल्याला ठाऊक असतो, पण ‘इन द रन-अप टू द इलेक्शन्स’ म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर. ‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता. ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम, ‘ऑन द रन’ म्हणजे फरार, ‘इन द लाँग रन’ म्हणजे लांबचा विचार केला तर, ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. ‘रन ऑन द बँक’ वाचलं तर ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड उडाली असं समजा. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये अशाच ‘रन’मुळे बुडाली. ९ मार्च या एका दिवसात ग्राहकांनी ४२ अब्ज डॉलर काढायची मागणी केली. तिथे प्रत्यक्ष धावपळ फारशी नव्हती, बरेचसे व्यवहार मोबाइल आणि कॉम्प्युटरवरून झाले.

आपल्या बोलण्यातला ‘रनिंग’ वापरून घ्या

सुतार किचन ट्रॉलीचा किंवा ओट्याखालच्या कपाटाचा भाव ‘रनिंग फूट’मध्ये सांगतो, म्हणजे रुंदी-उंची न धरता सरळ लांबी मोजायची. ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’ म्हणजे काम चालू असताना झालेल्या कामापुरतं काढलेलं बिल. रेल्वेत लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) हे ‘रनिंग स्टाफ’, आणि भुसावळ, दौंडसारख्या ठिकाणी ते विश्रांती घेतात ती ‘रनिंग रूम’. कोणाला ही नावं समजावून सांगावी लागत नाहीत. पहिल्यात चौथ्या पायरीचं सलग पसरणं आहे, बाकीच्यांत दुसऱ्या पायरीचं चालू असणं. नवा अर्थ लक्षात ठेवायला असं एखादं ओळखीचं उदाहरण शेजारी लिहिलं की तो विसरत नाही.

उलट्या दिशेने जाताना सांभाळा

‘रन’चं मराठी ‘चालणे’ होतं, म्हणून प्रत्येक ‘चालणे’चं इंग्रजी ‘रन’ होत नाही. ‘मला चालेल’ म्हणजे ‘दॅट्स फाइन विथ मी’. ‘ही नोट चालत नाही’ म्हणजे ती कोणी घेत नाही, तिथे ‘ॲक्सेप्ट’ लागेल. ‘डोकं चालत नाही’साठी ‘आय कान्ट थिंक’. दुकान जोरात चालतंय, तर ‘द शॉप इज डूइंग वेल’. घड्याळ बंद असेल तर ‘इट इजन्ट वर्किंग’ सरळ पडतं, पण ते मागे पडत असेल तर ‘इट इज रनिंग स्लो’ चपखल. आणि शेजारी मदतीला धावून आले, तर ‘दे केम टू अवर हेल्प’. त्यात ‘रन’ घालू नका.

कोश आणि वही

कोश निवडताना क्रम कोणता ते आधी बघा. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश अर्थांना ऐतिहासिक क्रम देतो, त्यामुळे पहिला अर्थ सर्वात जुना असतो, सर्वात जास्त वापरातला असेलच असं नाही. शिकणाऱ्यासाठी लर्नर्स डिक्शनरी घ्यावी. ए. एस. हॉर्न्बी यांच्या कामातून उभी राहिलेली ऑक्सफर्डची चांगली आहे. ‘रन’सारख्या शब्दासाठी मी मात्र कॉलिन्स कोबिल्डच आधी सुचवतो. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला आणि त्यात अर्थ पूर्ण वाक्यात दिलेला असतो. त्यामुळे कर्ता कोण आणि कर्म काय हे व्याख्येतच दिसतं.

वहीत अर्थांची यादी करू नका. चार रकाने आखा: ‘रन’ करणारं कोण, पुढे कर्म आहे का, ‘रन’ला लागून येणारा छोटा शब्द कोणता, आणि पूर्ण मराठी वाक्य. चौथ्या रकान्यात सुटा शब्द लिहायचा नाही, वाक्यच लिहायचं. वाक्यं स्वतःच्या वाचनातली हवीत: बातमी, मॅन्युअल, कंपनीचं परिपत्रक, सामन्याचं समालोचन. दोन-तीन आठवड्यांनी तेच तेच प्रकार पुन्हा यायला लागतात. तसं झालं की ‘रन’ची वही मिटा आणि ‘टेक’ किंवा ‘सेट’ची उघडा.

हा उतारा सोडवा

‘मीरा रन्स अ बेकरी इन कोल्हापूर. ऑन मंडे शी वॉज रनिंग अ फीवर, द डिलिव्हरी व्हॅन वॉज रनिंग लेट, अँड बाय नून दे हॅड रन आउट ऑफ बटर. ॲट द मार्केट शी रॅन इन्टू हर ओल्ड टीचर. देन इट बिगॅन टू रेन, अँड शी रॅन होम.’

आधी खालचं झाकून स्वतः लिहा, मग ताडून पाहा. मीरा कोल्हापुरात बेकरी चालवते. सोमवारी तिच्या अंगात ताप होता, माल पोहोचवणाऱ्या गाडीला उशीर झाला होता आणि दुपारपर्यंत लोणी संपलं होतं. बाजारात तिला तिच्या जुन्या बाई अचानक भेटल्या. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि ती धावत घरी गेली.

सहा वेळा ‘रन’ आला, त्यातला एकच धावण्याचा. तुमच्या उत्तरात ‘धावणे’ एकाहून जास्त वेळा आलं असेल, तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा पाहा. ‘टीचर’ला गाडीची धडक बसली असेल, तर पाचवीपासून.